मांडलेलं घर

नीतूने पहिल्यांदा विचारलं तेव्हा नूतन हसली होती. नुसती हसून थांबली असती तरी चाललं असतं. पण तिने सासूला हाक मारली. "आई, आयकून राहिल्या का? रिकाम्या घराले पडदे लावाचा धंदा करते म्हणते तुमची लहानी सून!" देवकाबाईही पोट धरून हसल्या. नीतूसुद्धा हसली. मग ओढणी सारखी करत तिने पुन्हा विचारलं, "हसून घ्या, दिदी. पण माह्यासंगं करता का, तेवढं सांगा."

"मले नाही फुरसत," नूतन म्हणाली.

फुरसत तिला भरपूर होती. नवरा रोशन सकाळी राईस मिलमध्ये जायचा तो संध्याकाळी अंगभर भुशाची धूळ घेऊन यायचा, पोरगी कॉलेजात, आणि स्वयंपाक दहाच्या आत उरकलेला. पण धाकट्या जावेच्या हाताखाली काम करायचं? सात वर्षांपूर्वी ही नीतू या घरात आली ती एका सुटकेसवर. बाप शिंपी, आंदणात दिली ती शिलाई मशीन, तीही वापरलेली. दीर वीरेंद्र शाळेची व्हॅन चालवायचा, त्याच व्हॅनमध्ये बसून नवरी घरी आली होती. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातल्या त्या घरात पुढच्या दोन खोल्या थोरलीच्या, मागच्या दोन धाकटीच्या, आणि मधल्या खोलीत सासू. सात वर्षं हे असंच होतं, आणि कोण पुढे नि कोण मागे याबद्दल नूतनच्या मनात कधी शंका नव्हती.

धंदा तसा सोपा होता, निदान नीतू सांगायची तेव्हा तरी. कुडव्याच्या मागे शालीकरामभाऊंनी दहा डुप्लेक्स बांधली होती, एकाला एक चिकटून, सगळी एकसारखी. वर्ष होत आलं, एकही विकलं जाईना. खेड्यातली माणसं यायची, पोरांच्या शिक्षणासाठी शहराजवळ घर हवं असायचं, खिशात धानाचा पैसाही असायचा. पण रिकाम्या खोलीत शिरली की आवाज घुमायचा, ती वर छताकडे बघायची, "पाहून सांगतो" म्हणायची आणि जायची ती जायचीच. नीतूने मोबाइलवर पाहिलं होतं, मोठ्या शहरांत विकायचं घर आधी संसार मांडल्यासारखं सजवतात. गिऱ्हाइकाला आपण इथे राहतोय असं दिसलं पाहिजे. ती थेट शालीकरामभाऊंकडे गेली. "कोपऱ्यावरचं एक घर द्या मले. विकलं गेलं तं बाकीच्याचं काम माह्याकडे. नाही गेलं तं काही देऊ नका."

"कोशिश कर ले," शालीकरामभाऊ म्हणाले. त्यांचं जाणार काहीच नव्हतं.

पहिल्या खेपेला नीतू सपशेल आपटली, आणि नूतनचे ते दिवस फार सुखात गेले. नीतूने गोंदियाहून भाड्याने पांढराशुभ्र सोफा आणला, काचेचा टीपॉय, प्लास्टिकची निळी फुलं. गिऱ्हाइकं आली, त्यांनी चपला फाटकाबाहेर काढल्या आणि दाराशीच उभी राहिली. एका म्हाताऱ्याला नीतूने बळेच आत आणलं तर तो सोफ्याला वळसा घालून फरशीवर बसला आणि म्हणाला, "साहेब कवा येतील?" नूतनने हा किस्सा भाजीवालीला सांगितला, दळणाला गेली तिथे सांगितला, माहेरी फोन करून सांगितला. कुडव्यात त्या घराला 'नीतूचा खोटा संसार' असं नाव पडलं. ते नाव कोणी पाडलं हे कोणाला विचारायची गरज नव्हती.

पण नीतू रडली नाही. तिने सोफा परत पाठवला आणि दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी ती नूतनच्या पुढच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"दिदी, तुमचं सामान द्याल का थोडे दिवस?"

"कोणतं सामान?"

"आंदणाचं."

हे सामान म्हणजे नूतनच्या आयुष्यातली एकुलती एक मोठी गोष्ट. तिचे वडील दुलीचंद बोदलकसा गावाकडचे. पोरीच्या लग्नाआधी त्यांनी घरचं सागवान कापून सुताराला महिनाभर अंगणात बसवलं होतं. नक्षीचा पलंग, आरशाचं कपाट, पाणी भरायचे पितळी गुंड, पराती, डबे, आणि आईने हाताने शिवलेल्या गोधड्या. वरात आली तेव्हा सामानाची ट्रॉली पाहायला अर्धा कुडवा रस्त्यावर उभा होता. पुढे काय झालं? खोली लहान, पलंग मोठा. तो मागच्या पडवीत गेला आणि वीस वर्षं त्याच्यावर धानाची पोती रचली गेली. कपाटाच्या आरशाला कोणीतरी टिकल्या चिकटवल्या. पितळ काळं पडलं. नूतन आणि रोशन लोखंडी खाटेवर झोपायचे. पण सामान आहे, आपलं आहे, हे तिला उठताबसता माहीत असायचं.

ती नाहीच म्हणणार होती. पण मधल्या खोलीतून देवकाबाईंचा आवाज आला, "देऊन टाक ना, बाई. उंदरं लेंड्या टाकून राहिले त्याच्यावर." नूतनने होकारार्थी मान हलवली.

आठ दिवसांनी देवकाबाईंना ते घर पाहायचं होतं म्हणून नूतन त्यांच्यासोबत गेली. दार नीतूने उघडलं. नूतनने आत पाऊल टाकलं आणि ती उंबऱ्याशीच थांबली.

पलंग खिडकीजवळ होता. नीतूने तो चिंचेच्या पाण्याने पुसून, तेल लावून असा काढला होता की नक्षीतल्या मोरांचे डोळेसुद्धा दिसत होते. नूतनला इतक्या वर्षांत त्या मोरांना डोळे आहेत हे माहीत नव्हतं. वर आईची गोधडी, अर्धी दुमडलेली, कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी. आरशातल्या टिकल्या गेल्या होत्या. पितळी गुंड एकावर एक चढवून कोपऱ्यात, वर सकाळचं ऊन. दारामागे खुंटीला टॉवेल. खाली एका बाजूला छोटी, निमुळती जागा, तिथे धानाची दोन पोती उभी, कारण खेड्यातला माणूस घरात शिरला की आधी वर्षाचं धान कुठे ठेवायचं ते बघतो. देवकाबाई फिरून फिरून पाहत होत्या. "अवो, हे तं राजाचं घर झालं! नूतन, हे तुहंच सामान आहे का, बाई?"

हाच प्रश्न नूतनला सुरीसारखा लागला. तुझंच आहे का! तिचंच होतं. तिच्या बापाचा घाम होता तो. पण तिच्या घरात ते वीस वर्षं अडगळ होतं आणि या कालच्या पोरीच्या हाताखाली आठ दिवसांत त्याला जीव आला. नूतनला वाटलं, तो पलंगसुद्धा आपल्याकडे अनोळखी नजरेने बघतोय. सामानाचाही मत्सर वाटू शकतो हे तिला त्या दिवशी कळलं.

"चहा घ्या, दिदी," नीतूने घरून आणलेल्या किटलीतून चहा ओतला. स्वयंपाकघरात शालीकरामभाऊंनी शेगडी बसवली होती, सिलिंडरही जोडला होता, पण नीतू ती पेटवायची नाही. "इथं गॅस लावला तं घर दुसऱ्याचं होते," ती म्हणाली. "घेणारीनंच दूध उतू घातलं पायजे पयले. तिचा मान आहे तो."

देवकाबाईंनी कौतुकाने मान डोलावली. "समजते हिले," त्या म्हणाल्या. नूतनच्या वाट्याला असं वाक्य शेवटचं कधी आलं होतं ते तिला आठवेना.

त्यानंतर घरात दुसरा विषय राहिला नाही. रोशन जेवताना म्हणायचा, "नीतूनं कमाल केली, नाही?" वीरेंद्र व्हॅनमधल्या पोरांच्या आयांना घर दाखवायला नेऊ लागला. नूतनच्या पोरीने तिथे जाऊन पलंगावर बसून स्वतःचे फोटो काढले आणि टाकले, खाली मैत्रिणींनी विचारलं, कोणाचं घर आहे ग? पोरीने लिहिलं, काकूचं. काकूचं! नूतनने तो फोन पोरीच्या हातातून ओढून घेतला आणि विनाकारण तिला अभ्यासावरून झापलं. भांडी घासताना ती आपटायची. कोणी काय झालं विचारलं तर "काही नाही" म्हणायची, आणि कोणी विचारलं नाही तर अजून जोरात आपटायची. नूतनचा स्वभाव मुळात वाईट नव्हता. फक्त आपल्यापेक्षा खालचं माणूस आपल्यासमोरून वर चढताना बघायची सवय तिला नव्हती, आणि ती सवय कोणालाच सहज लागत नाही.

मग शालीकरामभाऊंनी शेवटचं सांगितलं. दवनीवाड्याचे दुर्गाप्रसाद, घरची धानाची शेती आणि शिवाय तांदळाचा व्यापार, बुधवारी आईला घेऊन घर बघायला येणार होते. "ये पार्टी गई तो सामान उठा लेना, बेटा," ते नीतूला म्हणाले. "ब्रोकर लावून टाकतो मी." सौदा झाला तर बाकीच्या घरांचं काम नीतूचं, फिसकटला तर तिला पुन्हा ब्लाउज शिवत बसायचं. कुडव्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली. देवकाबाईंनी देवाला नारळ बोलला. मनातल्या मनात नूतननेही देवाकडे काहीतरी मागितलं, आणि ते नारळाच्या नेमकं उलट होतं.

बुधवारी सकाळी नीतू घाईघाईने पुढच्या खोलीत आली. "दिदी, मी गोंदियाले जाऊन येतो, झेंडूची फुलं आणतो ताजी. तुमी जरा घर उघडून झाडू मारून ठेवाल का? दुपारपर्यंत येतील ते." आणि तिने किल्ली नूतनच्या हातात ठेवली. इतक्या विश्वासाने ठेवली की त्याचाच नूतनला राग आला. आपण काही करूच शकणार नाही असं वाटतं का हिला?

वाटेत तिने डेअरीवरून दुधाची एक पिशवी घेतली. घरी लागेल म्हणून घेतली, असं तिने स्वतःला सांगितलं. स्वतःचं घर उलट दिशेला होतं, पण त्याकडे तिने लक्ष दिलं नाही.

तिने झाडू मारला. खिडक्या उघडल्या. गोधडीची घडी मोडून पुन्हा घातली. तिच्या हाताने ती नीतूसारखी बसेना. दोनदा करून पाहिली. मग तिने ती तशीच फेकली आणि स्वयंपाकघरात गेली. फळीवरचा दूध तापवायचा पितळी गंज घेतला, तिच्याच आंदणातला, आतून कल्हई केलेला. कल्हईसुद्धा करून घेतली होती त्या पोरीने! पिशवी दाताने फोडून दूध ओतलं. नीतूने मांडलेल्या देव्हाऱ्याजवळची काडेपेटी आणली. शेगडी पेटवली.

ती ओट्याजवळ उभी राहिली. दूध तापत होतं. आता बंद करावं, असं तिला एकदा वाटलं. दुर्गाप्रसादची आई खेड्यातली म्हातारी, तिला दिसल्यावर ती काय म्हणेल हे नूतनला पक्कं ठाऊक होतं, कारण तिची स्वतःची आईही तेच म्हणाली असती. बंद करावं. पण तेवढ्यात साय वर चढली, फुगली, आणि गंजाच्या काठावरून सळसळत खाली आली. आणि नूतनने, आपण इथे दुसऱ्याचं वाटोळं करायला उभ्या आहोत हे विसरून, वाकून पाहिलं की दूध कोणत्या बाजूला गेलं. पूर्वेला गेलं होतं. तिचे हात आपोआप जोडले गेले. या जन्मात तिने स्वतःच्या अशा घरात कधी दूध उतू घातलं नव्हतं. सासरी आली तेव्हा चूल आधीच पेटलेली होती. क्षणभर ती पलंग, गुंड, खिडकी, सगळ्याची मालकीण होती आणि तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

मग तिने गॅस बंद केला. जळक्या दुधाचा वास घरभर पसरला होता. ओटा तिने पुसला नाही. जोडलेले हात आणि न पुसलेला ओटा, दोन्ही तिचेच.

नीतू फुलं घेऊन आली तेव्हाच फाटकाशी गाडी थांबली, त्यामुळे तिला आत जाऊन पाहायला वेळच मिळाला नाही. दुर्गाप्रसाद पन्नाशीचा, जाड घड्याळवाला माणूस. मागून त्याची आई निर्मलाबाई, बारीक, ताठ, पांढऱ्या लुगड्याची. शालीकरामभाऊ दोघांच्या मध्ये. नूतन दाराआड उभी राहिली.

निर्मलाबाई आत शिरल्या आणि त्यांचा चेहराच बदलला. धानाची पोती पाहून त्या म्हणाल्या, "हे बरं केलं." पलंगावरून हात फिरवला. "असाच होता माह्या मायचा." त्या त्याच्यावर बसल्या, अगदी आपला असल्यासारख्या, पाय वर घेऊन. नीतूचा चेहरा उजळला. दुर्गाप्रसादने शालीकरामभाऊंना बाजूला घेऊन काहीतरी कुजबुजायला सुरुवात केली. सौदा झालाच होता.

मग म्हातारी नाक वर करून म्हणाली, "दूध जळलं का कुठं?" आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

"बाप्पा!" आतून आवाज आला. "इथं तं दूध उतलं आहे!"

नीतू धावली. तिने ओटा पाहिला, गंज पाहिला. नूतनला तिची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ काही क्षण अगदी स्थिर राहिली.

"कोणी उतवलं?" निर्मलाबाईंनी विचारलं.

नूतन दाराला आणखी चिकटली. आता ही वळेल आणि बोट दाखवेल. सगळ्या कुडव्याला कळेल.

"मीच, आई," नीतू म्हणाली. "तुमच्यासाठी चहा ठेवाचा होता. ध्यान नाही राहिलं."

"मंग हे घर तुहं झालं, पोरी." निर्मलाबाईंचा आवाज रागाचा नव्हता, ठाम होता. "ज्या बाईनं दूध घातलं तिचं घर. तिले उठवून मी नाही राहाची इथं."

"आई, काय हे! पोरीची चूक झाली," दुर्गाप्रसाद म्हणाला. शालीकरामभाऊंनी कपाळावर हात मारला. म्हातारी ऐकेना. तिने चपला घातल्या आणि ती फाटकाबाहेर गेली. नूतनने हळूच श्वास सोडला. झालं. तिला जे हवं होतं ते झालं होतं, आणि ते इतकं सहज झालं की जरा फसवल्यासारखंच वाटलं.

पण म्हातारी गाडीत बसली नाही. बाजूच्या घरासमोर उभी राहिली.

"हे कोणाचं?"

"रिकामं आहे," शालीकरामभाऊ म्हणाले. "असंच आहे सेम टू सेम."

"उघड."

बाजूचं घर उघडलं गेलं. आत फरशी आणि भिंती, दुसरं काही नाही, आवाज घुमत होता. पण निर्मलाबाईंना आता रिकामं काही दिसतच नव्हतं. त्या प्रत्येक खोलीत फिरत होत्या आणि बोलत होत्या, "इथं पलंग. खिडकीजवळच. इथं पोती. गुंड त्या कोपऱ्यात, ऊन येते तिथं." मग नीतूकडे वळून म्हणाल्या, "आमचं सामान आलं का तूच मांडून देजो, पोरी. तुह्या घरासारखं. दूध मात्र मी घालीन."

दुर्गाप्रसादने तिथेच शालीकरामभाऊंचा हात हातात घेतला.

संध्याकाळपर्यंत कुडव्यात बातमी पसरली. शालीकरामभाऊ हिशोबी माणूस. कोपऱ्यावरचं घर आता कोणी घेणार नाही हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी दहा मिनिटं आरडाओरडा केला, आणि अकराव्या मिनिटाला त्यांच्या लक्षात आलं की ते विकायची गरजच नाही. ते सजवलेलं तसंच ठेवायचं, गिऱ्हाइकाला तिथे बसवायचं, आणि बाजूची रिकामी विकायची. नीतूला त्यांनी कायमची किल्ली दिली. तिथल्याच पुढच्या खोलीत बसायला टेबल दिलं. दारावर तिच्या नावाची पाटी लावायचं ठरलं.

घरी देवकाबाईंनी नारळ फोडला. रोशन स्वतः पेढे घेऊन आला. "लक्ष्मी आहे लक्ष्मी," तो नीतूला म्हणाला, आणि पेढा पहिल्यांदा तिच्या हातावर ठेवला, मग बायकोच्या. नूतनने तो तोंडात घातला. आपण जाळायला गेलो आणि हिच्या घरात दिवा लावून आलो. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या दुधाने, स्वतःच्या गंजात! रागाने तिचे कान गरम झाले. आणि वर हे कोणाला सांगताही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तरातरा कोपऱ्यावरच्या घरी गेली. नीतू खाली बसून ओटा घासत होती. दुधाचा डाग बऱ्यापैकी निघाला होता.

"माहं सामान पायजे मले," नूतन म्हणाली. "आजच."

नीतूने वर पाहिलं. "न्या ना, दिदी. तुमचंच आहे." आणि पुन्हा घासू लागली. "दूध तुमीच घातलं ते मालूम आहे मले."

नूतनला नाकारायचं होतं. तोंडातून मात्र निघालं, "मंग काऊन नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? जावाजावा एकमेकीवर जळतात हे पाहून म्हातारीनं बाजूच्या घरातबी पाय नसता ठेवला."

म्हणजे हा मोठेपणा नव्हता, धंदा होता. नूतनला ते जास्त लागलं. माफ केलं असतं तर निदान रागावता आलं असतं.

नीतू उठली, हात धुतले, ओढणीला पुसले. आणि मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "मीबी लय जळत होती तुमच्यावर."

"माह्यावर?"

"लग्न होऊन आली तवापासून. पडवीत जावो ना मी धान घ्याले, तं हा पलंग दिसे पोत्याखाली. पोटात आग होये माह्या. म्हणो, हिले बापानं एवढं देलं अन् हिले कदर नाही. रोज मनातल्या मनात पोते उचलून ठेवो मी. पलंग खिडकीजवळ लावो, गुंड घासो. सात वर्षं." तिने खोलीभर नजर फिरवली. "हे घर म्हणजे तेच आहे, दिदी. तुमच्या जागी मी राहिली असती तं कसं ठेवलं असतं, तसं मांडलं मी."

नूतनच्या छातीत एकदम काहीतरी मोकळं झालं. तिला आनंद झाला. लाजिरवाणा, लखलखीत आनंद. इतके दिवस ती एकटीच जळत नव्हती तर! ही मागच्या खोल्यांतून सात वर्षं तिच्याकडे बघत होती, तिच्या सामानाकडे, तिच्या नशिबाकडे. कोणीतरी तिचा इतका हेवा केला होता. पाठ आपोआप ताठ झाली.

"अन् आता?" तिने विचारलं. तिला ते आणखी ऐकायचं होतं.

नीतूने खरंच विचार केला. मग मान हलवली.

"आता नाही जळत."

एवढंच म्हणून ती उठली आणि फोन हातात घेतला. "टेम्पो बोलावू का सामानाले? माहं दुसरं पाहून घेईन मी. शालीकरामभाऊ देऊन राहिले पैसे."

नूतन उभीच राहिली. पुढची खोली, लोखंडी खाट, पडवीतली धानाची पोती, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिला वाटलं, हिने पुन्हा एकदा आपल्यावर जळावं. फार नाही, थोडंसं. पण ते मागायचं कसं आणि कोणत्या तोंडाने?

"दिदी? टेम्पो?"

"राहू दे सामान," नूतन म्हणाली. तिचा आवाज फुटला, म्हणून तिने तो चढवला. "पण पलंग वाकडा लावला आहे तू."

नीतूने मागे होऊन, डोळे बारीक करून पाहिलं. नूतननेही पाहिलं. पलंग सरळच होता.